तू मागे का सरायचास

रविवार, एकोणीस जानेवारी. सकाळचे सात वाजून वीस मिनिटे.

सोपान,

बोलून पाहिले. जमले नाही. म्हणून लिहायला बसलो आहे.

परवा शुक्रवारी नदीच्या घाटावर तुझा दशक्रिया विधी झाला. तिथे मी तुझ्याविषयी चार वाक्ये बोललो. त्या चार वाक्यांची जी वाट लागली ती तू पाहिली असतीस, तर पोट धरून हसला असतास. मला हसू आले नाही. आज दुपारी तीन वाजता तुझ्या नातीची, मुक्ताची, जिल्ह्याच्या हॉकी संघासाठी निवड चाचणी आहे. तू तिला जे शिकवलेस ते आज टिकते की बुडते, एवढा एकच प्रश्न माझ्यापुढे आहे. तू नाहीस. उत्तर मला माहीत नाही.

तुझे वय, नोकरीची वर्षे, मागे कोण कोण आहे, यातले काही मी लिहिणार नाही. ते सगळे फ्लेक्सवर आलेले आहे. तुझ्या गावच्या वेशीपासून चाकणच्या चौकापर्यंत फ्लेक्स लागले आहेत. मधोमध तू. तुझ्या डोक्यावर संगणकाने फेटा चढवला आहे. हातात स्टिक आहे, तीही तुझी नव्हे. वर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे, ‘मैदानावरचा ढाण्या वाघ हरपला.’ खाली शोकाकुल म्हणून ज्यांचे चेहरे ओळीने छापले आहेत, त्यांतल्या एकानेही तुझा सामना पाहिलेला नाही.

वाघ! आपल्या कंपनीच्या मैदानावर तुला काय म्हणत, ते मी विसरलेलो नाही. रिव्हर्स गिअर.

पहिली पाळी सुटली की लोक डबे हातात घेऊन मैदानाच्या भिंतीवर येऊन बसत. मुरमाचे मैदान, वर ऊन, आणि ही मंडळी आठ तास यंत्रापुढे उभी राहून आलेली. त्यांना करमणूक हवी असे, आणि ती त्यांना तू पुरवलीस. समोरचा फॉरवर्ड चेंडू घेऊन सुटला की दुसरा कोणताही फुलबॅक त्याच्यावर तुटून पडे. तू मागे सरू लागायचास. तोंड त्याच्याकडे, गुडघे वाकलेले, स्टिक जमिनीला टेकलेली आणि पाय मागे मागे. भिंतीवरची माणसे लगेच एका सुरात सुरू करीत. टेम्पो मागे घेताना क्लीनर ओरडतो तसे, “येऊ द्या... येऊ द्या... येऊ द्या...” कोणी फाळक्यावर थाप मारावी तसा डब्याच्या झाकणावर ताल धरी. गोलासमोरचे अर्धवर्तुळ, आपण ज्याला डी म्हणतो, तिथे तुझी टाच लागली की सगळे मिळून, “बास!”

“सोपानराव, आता हँडब्रेक लावा आन् उतरा खाली!” हे पेंट शॉपमधल्या एकाचे वाक्य. ते दोन मोसम चालले.

सामना संपल्यावरही तुझी चड्डी पांढरीच असे. गुडघ्याला माती नाही, कोपराला खरचटलेले नाही. “इस्त्रीची घडीसुद्धा मोडली न्हाई गड्याची,” असे म्हणत. ज्याच्या अंगावर माती तो लढला, असा भिंतीवरचा हिशेब होता. आपला दुसरा फुलबॅक दर सामन्यात दोनदा लोळण घेई. त्याने अडवलेल्या फॉरवर्डांपेक्षा त्याने पाडलेले जास्त, आणि त्या प्रत्येक फाउलचा पेनल्टी कॉर्नर गोलरक्षक म्हणून माझ्या अंगावर येई. पण लोक त्याला खांद्यावर घेत.

मी त्यांना दोष देत नाही. ते भिंतीवर होते. मैदानाच्या बाजूने पाहणाऱ्याला माणूस मागे जातानाच दिसणार. मी गोलात होतो, तुझ्या बरोबर मागे. मला दुसरे दिसे. तू सरळ मागे कधीच येत नसायचास. तिरका यायचास. डावी बाजू अंगाने झाकायचास आणि उजवी बाजू हातभर मोकळी सोडायचास, दार किलकिले ठेवावे तशी. फॉरवर्डला वाटे, फट सापडली. तो तिकडे शिरे. शिरला की त्याच्या लक्षात येई, की चेंडू आपल्या उलट्या हाताला आला आहे, जिकडून फटक्याला जोर नाही, डी सरत चालली आहे, मागची रेषा जवळ आली आहे आणि समोर गोलाची नुसती एक चीर उरली आहे. त्या चिरेत मी उभा असे. उजव्या खांबाला खांदा लावून. बाकीचा गोल मी तुझ्या भरवशावर उघडा टाकलेला असे. चेंडू माझ्या पॅडवर येऊन आदळे. मी लाथेने बाहेर काढी. भिंतीवरून माझ्या नावाचा गजर होई.

मी लोकांना सांगितले नाही असे नाही. वारंवार सांगितले. कँटीनमध्ये, बसमध्ये, बक्षीस समारंभात. “हे सोपानचे आहे. मला फक्त उभे राहावे लागते.” लोकांना तो माझा विनय वाटला. जितके सांगितले तितके माझे नाव मोठे झाले. त्याहून दुसरा उपाय मला सुचला नाही, आणि तुला त्याची गरज वाटली नाही.

तू असा का खेळतोस, हे मी तुला एकदाच विचारले. आपण प्रेस शॉपच्या दारात उभे होतो. तू पत्रा कापणाऱ्या पॉवर प्रेसवर होतास, मी तपासणी विभागात. आत प्रेस वरखाली होत होत्या. तू हातमोजे झटकत म्हणालास, “ती खाली यिताना कोनी हात घालतं व्हय? घालनाऱ्याची बोटं जात्यात. ती वर गेली की घालायचा. तवर हुबं ऱ्हायचं.”

“आणि फॉरवर्ड?”

“त्यो बी तसाच. चेंडू त्याच्या काठीला चिकटलाय तवर त्याचं राज्य. कदी ना कदी वीतभर सुटतुयाच. तवा हात घालायचा.”

“आणि नाहीच सुटला तर?”

“मग तू कशाला हाईस?”

एवढेच. तुझ्या खेळाची सगळी मीमांसा तीन उत्तरांत संपली. त्या शॉपमध्ये बोटे गमावलेली माणसे होती. घाईचा अर्थ तुला मैदानाबाहेर कळलेला होता. तू खेळलास त्या सगळ्या वर्षांत तुझ्या हातून दिला गेलेला पेनल्टी कॉर्नर मला आठवत नाही. जो कॉर्नर झालाच नाही, त्याला भिंतीवरून कोण टाळी वाजवणार?

देहूरोडच्या लष्करी संघाशी झालेला तो सामना आठव. त्यांचा सेंटर फॉरवर्ड पंजाबचा होता, उंच, वाऱ्यासारखा. पहिल्या मिनिटापासून तो तुझ्यावर आला आणि पहिल्या मिनिटापासून भिंत गाऊ लागली. त्या दिवशी भिंतीला आवाज जरा जास्तच चढला होता, कारण साहेब लोक खुर्च्या टाकून बसले होते. एक साहेब उठून ओरडले, “अरे, अंगावर जा त्याच्या! घाबरतोस काय?” तू त्यांच्याकडे वळूनसुद्धा पाहिले नाहीस. तो जवान तुझ्या उजव्या हाताला शिरत राहिला, रेषेपाशी जाऊन अडकत राहिला आणि माझ्या पॅडवर मारत राहिला. शेवटी तो इतका चिडला, की त्याने गोलामागच्या जाळीवर स्टिक आपटली. सामना बरोबरीत सुटला. नंतर चहाच्या टपरीवर तो आपल्यापाशी आला, तुझ्या खांद्यावर हात ठेवून माझ्याकडे पाहत म्हणाला, “यार, ये आदमी मुझे छूता भी नहीं, और कुछ करने भी नहीं देता. इसको समझाओ, थोड़ा लड़े तो मज़ा आए.”

तू हसलास. म्हणालास, “इसको बोलो, चहा थंडा होता है.”

तुझा खेळ ओळखणारा माणूस मला त्या एका दिवशी भेटला. तो समोरच्या संघाचा होता.

आता शुक्रवारचे सांगतो.

घाटावर गर्दी होती. मांडव, खुर्च्या, ध्वनिक्षेपक. प्रवचन झाले, मग श्रद्धांजलीची भाषणे. येत्या निवडणुकीला उभे राहू इच्छिणारे तिघे आले होते. त्यांतला एक माइक धरून म्हणाला, “आबांनी आयुष्यात कधी पाऊल मागे घेतलं नाही! मैदानात नाही आणि भूसंपादनाविरुद्धच्या लढ्यातही नाही!” माना डोलल्या. माझ्या शेजारी पेंट शॉपचा तो म्हातारा बसला होता, हँडब्रेकवाला. त्याने मला कोपर मारले. “ऐकलं का? रिव्हर्स गिअरनी पाऊल मागं घेतलं न्हाई म्हनं.” आणि तो तोंडाला रुमाल लावून हसला.

एक खोटी स्तुती पुढून, एक खोटी चेष्टा शेजारून. मी उठलो. सूत्रसंचालकाकडे दोन मिनिटे मागितली. त्याने घड्याळ पाहिले आणि दिली. मी म्हणालो, “सोपान मागे सरायचा. आयुष्यभर मागे सरला. त्याची हीच थोरवी होती. ज्याने ती पाहिली नाही, त्याने त्याला पाहिले नाही.”

सोपान, सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. तुझ्या थोरल्याने मान खाली घातली. कोणीतरी मागे खाकरले. मी पुढे उजवी बाजू, डी, मागची रेषा हे सांगणार होतो. मी पाचवे वाक्य सुरू करण्यापूर्वीच सूत्रसंचालकाने माझ्या हातातून माइक हळूच घेतला आणि म्हणाला, “अगदी खरं बोलले सर! वाघसुद्धा झेप घेण्याआधी दोन पावलं मागे येतो!”

“खरंय, खरंय,” असे सगळीकडून आले. दशक्रियेत टाळ्या वाजवत नाहीत, हे नशीब.

तू कधीही झेप घेतली नाहीस. हे सांगायला माइक माझ्याकडे परत आला नाही.

जाताना वहिनी भेटल्या. डोळे सुजलेले, तरी पदर सावरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “भाऊजी, तुमी बोलला ते कुनालाच कळलं न्हाई.” मी म्हणालो, “खरे आहे.” त्या म्हणाल्या, “मला बी न्हाई कळलं. पन तुमी रागानं बोलत व्हता, ते बरं वाटलं. बाकी समदी गोडच बोलत व्हती.”

मला राग होता. तो कोणावर, ते अजून ठरलेले नाही. थोडा तुझ्यावर आहे.

दिवाळीनंतर तुझ्याकडे आलो होतो, तो आपला शेवटचा वाद. तुझ्या घराच्या गच्चीवर बसलो होतो. खाली कंपनीतल्या पोरांना भाड्याने दिलेल्या खोल्या, त्यांच्या दोरीवर वाळणारे गणवेश. मुक्ता क्लबमधून रडत आली होती. तिला तू तुझा खेळ दिला होतास, आणि लोकही तुझेच मिळाले होते. आता भिंत नाही, निळे कृत्रिम मैदान आहे आणि पायऱ्यांवर मोबाइल धरून बसलेले पालक आहेत. ते ओरडतात, “अगं जा की अंगावर! बघत काय बसलीस?” गाणे गेले, अर्थ तोच राहिला.

मी म्हणालो, “क्लबच्या मुलींना एकदा बसवून समजावून सांग. त्यांच्या प्रशिक्षकालाही. फळ्यावर काढून दाखव.”

“मला न्हाई येत फळ्यावर.”

“मी काढतो. तू बोल.”

“बोलून काय व्हतं राव? तुला मी कवा बोलून दावलं?”

“मी मूर्ख नव्हतो.”

“मग त्या बी न्हाईत. कळंल त्यांना.”

“कधी? तुला सत्तरी आली. तुझ्यानंतर कोण सांगणार?”

तू सुपारी कातरत होतास. वर न बघता म्हणालास, “तू हाईस की.”

मी चिडलो. मी गोलात उभा राहणारा माणूस आहे, प्रवचनकार नव्हे, असे काहीतरी म्हणालो आणि जिना उतरलो. वाद पुढे चालू ठेवायला पुन्हा यायचे होते. थंडी वाढली, माझा गुडघा धरला, आणि मग तुझ्या थोरल्याचा फोन आला.

तेव्हा हा वाद अपुराच आहे. माझे म्हणणे अजूनही तेच आहे: तू सांगायला हवे होतेस. तुझ्या न सांगण्याचे ओझे तू माझ्यावर टाकून गेलास, आणि माझ्या सांगण्याचे काय होते ते शुक्रवारी दिसले. आपल्या संघात तुझ्या मागे उभा राहिलेला मी एकटा होतो. उद्या मी गेलो, तर तुला पाहिलेली माणसे राहतील. ती एकतर वाघ म्हणतील, नाहीतर रिव्हर्स गिअर.

एक गोष्ट मी तुला कधी बोललो नाही. बोलण्याची आपल्यात पद्धत नव्हती. मला तुझ्या चेहऱ्यापेक्षा तुझी पाठ जास्त ओळखीची आहे. ती लांबून बारीक दिसे आणि तू सरत सरत आलास की मोठी होत जाई. ती जितकी जवळ येई, तितका मला धीर येई. लोकांना ज्या गोष्टीची लाज वाटे, तिच्यामुळे मी इतकी वर्षे गोलात निर्भय उभा राहिलो. शुक्रवारी घाटावर मी सगळ्यांच्या पाठी पाहिल्या. तुझी नव्हती.

दीड वाजत आला आहे. मुक्ताचा फोन आला होता. “आजोबा, येताय ना?” तिचा तू आबा, मी आजोबा. आवाज लहान झाला होता. मी निघतो.

*

परत आलो आहे. साडेसात वाजले आहेत. जे झाले ते क्रमाने लिहितो, कारण तुला क्रमाशिवाय काही पटत नसे.

मुक्ताच्या क्लबचे प्रशिक्षक शेळके. तरुण आहेत, प्रामाणिक आहेत, मुलींसाठी जीव टाकतात. शुक्रवारी घाटावर तेही आले होते. चाचणी म्हणून दोन क्लबांचा सामना होता. निवड करणारे दोघे छत्रीखाली बसले होते. पायऱ्या भरलेल्या होत्या. मी गोलामागे जाऊन उभा राहिलो. मला दुसरीकडून सामना पाहता येत नाही.

पूर्वार्धात मुक्ता तुझ्यासारखी खेळली. सोपान, तुझ्यासारखीच. तिरकी मागे आली, डावी बाजू झाकली, उजवीकडे फट सोडली. त्यांची फॉरवर्ड त्या फटीत शिरली. ती पाठ मी ओळखत होतो. फॉरवर्ड रेषेकडे ढकलली गेली, चेंडू तिच्या उलट्या हाताला आला, समोर नुसती चीर उरली. आणि त्या चिरेत कोणी नव्हते. गोलरक्षक मुलगी, पुनावळ्याची साक्षी, गोलाच्या बरोबर मधोमध उभी होती, पुस्तकात असते तशी. फॉरवर्डने उलट्या स्टिकने फटका मारला. आपल्या काळात त्या हाताने चेंडू नुसता ढकलता येई. आता बंदुकीसारखा जातो. उजव्या खांबाच्या आतून गोल झाला.

पायऱ्यांवरून आवाज आला, “त्या मुक्ताने हातच नाही लावला! वाट करून दिली तिने!”

मध्यंतरात शेळके तिच्यापाशी गेले. मी चार पावलांवर होतो. ते ओरडले नाहीत. समजावणीच्या सुरात म्हणाले, “मुक्ता, परवा ऐकलंस ना तू? तुझ्या आबांनी आयुष्यात कधी पाऊल मागे घेतलं नाही. त्यांची नात आहेस. त्यांच्यासाठी खेळ. जा अंगावर.”

मी पुढे झालो. म्हणालो, “शेळके, ते खोटे आहे. तो मागेच सरायचा.”

“सर, तुमचा आदर आहे. पण तो काळ वेगळा होता. आता रिव्हर्सवरून असा फटका येतो. मागे सरून चालत नाही.”

त्यांचे म्हणणे अर्धे खरे होते. उरलेले अर्धे सांगण्याआधीच शिट्टी झाली. मुक्ताने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा त्यांच्याकडे. अठरा वर्षांची मुलगी. आबा जाऊन दोन आठवडे झालेले नाहीत. तिने काय करावे?

ती अंगावर गेली. पहिल्या वेळी फॉरवर्ड तिला चकवून निघून गेली, नशिबाने चेंडू बाहेर गेला. पायऱ्यांवरून टाळ्या आल्या. “शाब्बास! असं!” दुसऱ्या वेळी ती डीमध्ये पडली, समोरचीला घेऊन पडली. पेनल्टी कॉर्नर, त्यावर गोल. तरीही टाळ्या. ती उठली तेव्हा गुडघा सोलून रक्त येत होते, आणि पायऱ्यांना ती आवडू लागली होती. तुझ्या नातीला सगळ्यात वाईट खेळताना मी पाहिले आणि सगळ्यात जास्त वाहवा मिळताना पाहिले, एकाच वेळी. मला कोणाला तरी हाक मारावीशी वाटली. मारण्यासारखे कोणी नव्हते.

निवड झालेल्यांची नावे वाचून दाखवली. तिचे नव्हते. साक्षीचेही नव्हते.

मुली पांगल्या. मुक्ता बाकावर बसून गुडघ्यावर पाणी ओतत होती. मी शेजारी बसलो. बाटली रिकामी होईपर्यंत ती ओतत राहिली. मग म्हणाली, “आजोबा, खरं सांगा. आबांचं बरोबर होतं का? की तुम्ही चांगले कीपर होतात म्हणून ते चालून गेलं?”

सोपान, इतकी वर्षे मी भिंतीशी, कँटीनशी, साहेबांशी, घाटावरच्या मांडवाशी भांडलो. हा प्रश्न त्यांच्यापैकी कोणी विचारला नाही. तूही नाहीस. तू बरोबर होतास, हे मी आयुष्यभर सांगत आलो. तू एकटा बरोबर होतास, असे मी म्हणू शकत नाही. तू फट ठेवायचास, कारण त्या फटीत मी होतो. मी गोल उघडा टाकायचो, कारण तिथे तू होतास. आपल्या खेळाचे दोन भाग होते. तू तुझा भाग तिला देऊन गेलास. माझा भाग मी कोणाला दिला नाही, कारण तो काही वेगळा भाग आहे हे मला आज संध्याकाळपर्यंत माहीत नव्हते.

मी तिला म्हणालो, “दोन्ही.”

“म्हणजे?”

“दाखवावे लागेल.”

आणि शेळके म्हणाले त्या उलट्या हाताच्या फटक्याचे काय? त्यावर मी बसल्या जागी विचार केला. खांबाला चिकटून उभे राहणे आता पुरणार नाही. फटका सुटण्याआधीच चीर बुजवायला हवी. म्हणजे कीपरने खांब सोडून पुढे यायला हवे. कदाचित. तुझ्याशी बोलून ठरवण्यासारखी गोष्ट होती ही. चुकीची असू शकते. उलट्या हाताचा तसा फटका मी कधी अंगावर घेतलेला नाही, आणि आता घेता येणार नाही.

साक्षी पलीकडे पॅडचे पट्टे सोडत होती. रडून झाले होते, आता नुसती दमली होती. मी तिला हाक मारली. “बाळ, ते पॅड पुन्हा बांध.”

“आजोबा, मॅच संपली.”

“माहीत आहे. बांध.”

तिने मुक्ताकडे पाहिले. मुक्ताने खांदे उडवले. मग तीही उठली, लंगडत, आणि स्टिक घेऊन डीच्या टोकाशी जाऊन उभी राहिली. मैदानाचा रखवालदार फाटकाशी किल्ल्या वाजवत होता. त्याला मी हाताने थांबायला सांगितले. तो म्हणाला, “दहा मिन्टं हां काका, दिवे लावनार न्हाई.”

साक्षी गोलात मधोमध उभी राहिली. मी म्हणालो, “मुक्ता मागे सरू लागली की तिची पाठ बघ, चेंडू नको. पाठ तिरकी झाली की तू इकडे ये.”

“आणि तिकडचा गोल सगळा मोकळा?”

“तिकडे ती आहे.”

“नसली तर?”

मी तिच्या दोन्ही खांद्यांना धरले, तिला गोलाच्या मध्यावरून उजव्या खांबाकडे नेले, आणि मग खांबापासून एक पाऊल पुढे सरकवून तिथे उभे केले.